मामांची काळी चार

बास गिटार म्हणजे काय हे अमरावतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा ती माझ्याकडे होती. मलाही ठाऊक नव्हतं, हा भाग वेगळा. बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत एक गोवेकर ड्रायव्हर राहायचा. बदली झाली तेव्हा सामान आवरताना त्यानं ती मला देऊन टाकली. लांबलचक दांडा, चार जाड तारा, आणि वजन असं की गळ्यात अडकवली की एक खांदा खाली. ती कशी वाजवायची हे विचारायला दोन दिवसांनी गेलो, तर क्वार्टरला कुलूप.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी मामांच्या गाण्याच्या पार्टीत साथीला बसायचो. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्त्यांमधून अशा पार्ट्या निघाल्या होत्या. कव्वालीच्या ढंगाची गाणी, समोरासमोर दोन पार्ट्या, सवाल-जवाब. मामा अकोल्याच्या कापड गिरणीत पिंजण खात्यात होते. दिवसभर कापसाच्या धुळीत उभे राहायचे आणि सुट्टीला गायचे. पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. इतक्या उंचावरून गाणारा पुरुष आसपास दुसरा नव्हता, म्हणून लोक त्यांना ‘काळी चारवाले’च म्हणायचे. मामांना ते नाव फार आवडायचं. नावानं हाक मारली तर एका हाकेत ऐकायचे नाहीत, पण कुणी काळी चारवाले म्हटलं की लगेच मान वळायची.

गिटारच्या तारा कशा लावायच्या हे सांगणारं कुणी नसल्यानं मी त्या तंबोऱ्यासारख्या लावल्या. प, सा, प, सा. तार म्हटली की ती गाणाऱ्याच्या सुरात लावायची, एवढंच मला माहीत होतं. गाणं सुरू होण्याआधी मामा माझ्या कानाशी वाकून हुंकार भरायचे, मी खुंट्या पिळून तारा त्या सुरात आणायचो, आणि पेटीवाला माझ्याकडून पट्टी घ्यायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्रानं जुन्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जुळवून दिला होता. त्याला टुरिंग टॉकीजचा टाकाऊ स्पीकर लावला. त्याआधी एका कार्यक्रमात गिटार थेट लाउडस्पीकरच्या भोंग्याला जोडून पाहिली, तर नुसती खडखड. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, ‘‘कावून रे बाप्पा, टिनावर कोणी गोटे फेकून राहिलं का?’’

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की तारा सैल पडताहेत. आधी वाटलं, जुन्या झाल्या. मग नव्या मागवल्या, त्याही सैल. त्या दांड्यावरच्या पडद्यांवर आपटून करकरायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तारांचा दोष नव्हता. मामांचा हुंकार खाली आला होता. काळी चारवरून पांढरी पाच, मग काळी तीन. ऐकणाऱ्यांना पत्ता नव्हता, कारण सगळी पार्टीच त्यांच्याबरोबर खाली उतरायची. पेटीवाल्याला कळलं असेल, तो बोलला नाही. मीही बोललो नाही. मामा फक्त म्हणायचे, ‘‘आज हवा जड हाय, जरासा खालून घे.’’ मग थंडी असो की उन्हाळा, हवा जडच असायची.

पुढे नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा अमरावतीला आला. त्यात बास वाजवणारा एक तरुण होता. मी मध्यंतरात गिटार घेऊन त्याला भेटलो. माझ्या तारा छेडून तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. तारांची जगभरची एकच रीत असते, त्या एकदा लावल्या की लावल्या, गाणाऱ्यागणिक पिळायच्या नसतात, हे त्यानं मला सांगितलं. तुमची पट्टी कोणती, असं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, काळी चार. त्यानं तिथल्या तिथे कागदावर चार रेघा ओढून बोटं कुठे ठेवायची ते काढून दिलं. चार महिने मी तो कागद घोटला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण अर्धी गीता कळलेलं गाढव जास्त वाईट. आता मी शास्त्रशुद्ध झालो होतो आणि तसा चेहरा करून वावरत होतो.

त्यानंतरचा पहिला मुकाबला अकोल्यात दसऱ्याच्या सुमारास होता, रविवारी दुपारी. समोर बाळापूरकडची पार्टी, त्यांचा गाणारा जेमतेम पंचविशीचा. मामांनी ठरवलं होतं, हा मुकाबला जिंकला तर आणखी दोन वर्षं गायचं. हे त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. गाणं सुरू होण्याआधी ते नेहमीप्रमाणे वाकले आणि हुंकार भरला. काळी तीन. मी खुंटीला हात लावला नाही.

‘‘मामा, आता असं उतरवता येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘वाद्य आता बरोबर लागलेलं हाय.’’

‘‘जरासा घे ना लेका. हवा जड हाय.’’

‘‘तुमची पट्टी काळी चारच हाय न?’’

माझ्यासमोर माईक होता. तो चालू आहे हे मला माहीत होतं की नव्हतं, याचं प्रामाणिक उत्तर मला आजही देता येत नाही. समोरच्या पार्टीनं ऐकलं, पुढच्या रांगांनी ऐकलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

‘‘हाय,’’ ते म्हणाले.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याच्या अंतऱ्यात आवाज वर गेला आणि फाटला. मामांनी तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. मुकाबल्यात अशा वेळी समोरचा टोमणा मारतो, तसा रिवाजच आहे. त्या पोरानं मारला नाही. मान खाली घालून त्यानं एक साधं, हळू गाणं म्हटलं आणि मामांकडे पाहून हात जोडले. टोमणा मारला असता तर मामांनी काहीतरी उलट फेकलं असतं आणि वेळ निघून गेली असती. हात जोडल्यावर काही करता येत नाही.

मामांनी लोकांना सांगितलं की घशात कापूस अडकला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. त्यांच्या जागी पार्टीतला दुसरा एकजण गायला लागला.

दोन-तीन आठवड्यांनी मी घरी उगाच हात चालवत बसलो होतो. कंटाळा आला म्हणून आख्खा हात दोन पडदे डावीकडे सरकवला. तेच गाणं, तीच बोटं, आणि सगळं काळी तीनमध्ये जसंच्या तसं वाजलं. तार पिळायची गरज नव्हती, नवं काही शिकायचीही नव्हती. दोन पडदे, म्हणजे माझी वीतभरसुद्धा नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी गिटार खाली ठेवून दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी अकोल्याला गेलो आणि मामांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘वाजवून दाखव.’’ ॲम्प्लिफायर आणला नव्हता. बिनविजेच्या त्या गिटारचा आवाज डासाएवढा, म्हणून मी तिचं टोक दाराच्या फळीला टेकवलं. तसं केलं की लाकूड घुमतं. मामा उठले आणि फळीला कान लावून उभे राहिले. मी मुकाबल्यातलं ते दुसरं गाणं धरलं, काळी तीनमध्ये. अंतऱ्यापाशी आलो आणि त्यांच्यासाठी थांबलो.

मामांनी हातानं खूण केली, पुढे चल. मी पुढे वाजवत गेलो, शेवटपर्यंत. त्यांनी तोंड उघडलं नाही.