ताई, कुठं अडलीस?

एका मंगळवारी सकाळी माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला. त्याच्या बायकोचा, शुभाचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघत होते. सिडकोतल्या त्यांच्या घरी पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. टेबलावर त्याचा जुना लॅपटॉप होता. बंद.

मिलिंद नोकरी एका कंपनीत करायचा, पण जीव लावला होता तो एका मोफत सॉफ्टवेअरच्या माहितीपानांना. हे सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ तयार करतं. म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाला, “आपण पैठणला जायचो तेव्हा आई डबा कसा भरायची? पोळी, भाजी, चटणी, मीठसुद्धा. तिथं कुणाला काय मागायचं नाय. तसंच हे. प्रोग्रॅमला लागणारं सगळं एका डब्यात. कुठल्याबी कॉम्प्युटरवर उघड, चव तीच.” देशोदेशीच्या लोकांनी मिळून केलेलं हे साधन सतत बदलतं, आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं शिळी होतात. ती ताजी ठेवायचं काम कुणालाच नको असतं. मिलिंदला आवडायचं.

त्याची एक रीत होती. शहागंजच्या जुन्या बाजारातून आणलेला तो लॅपटॉप रविवारी पार पुसून कोरा करायचा आणि मला समोर बसवायचा. मी मराठी शिकवते, यातलं मला काही कळत नाही, म्हणूनच मी हवी असायचे. “पानावर लिहिलंय तेवढंच कर. डोकं चालवू नको.”

“हे तू लहानपणापासून सांगतोयस.”

मी अडले तर चूक पानाची, हा नियम. मदत केली की तपासणी वाया जाते, म्हणून तो माझ्यामागे खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा.

एका रविवारी मी पानावरची आज्ञा टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर काहीच नाही. मी बसून राहिले... शुभा चहा ठेवून गेली, रिकामे कप घेऊन गेली. शेवटी त्याला राहवेना.

“ताई, कुठं अडलीस?”

“अडले नाही. वाट बघतेय.”

“कशाची?”

“काहीतरी होण्याची.”

तो हसत सुटला. “अगं, ते केव्हाच झालं! काय बोललं नाय म्हंजे झालं!”

“मग तसं लिही की बाबा. मला काय स्वप्न पडणार?”

त्यानं लगेच पानात ओळ घातली. इंग्रजीत, अर्थात, मला मराठीत वाचून दाखवली. ‘काहीच दिसलं नाही, तर काळजी करू नका. काम झालं आहे.’

परदेशातल्या एका सहकाऱ्यानं ती अनावश्यक म्हणून काढली. मिलिंदनं परत घातली. पुन्हा निघाली. तेव्हा, जेवणात मीठ विसरलं तरी न बोलणाऱ्या माझ्या भावानं त्यांना भलंमोठं पत्र लिहिलं. माझी बहीण शिकलेली आहे, तरी ती इथं ताटकळली. तिच्यासारखे किती जण उठून गेले असतील, ते आपल्याला कधीच कळणार नाही... ओळ राहिली.

तो गेल्यावर मला त्या ओळीची काळजी लागली. नवी आवृत्ती आली होती, पानं नव्यानं लिहिली जात होती. आता भांडणार कोण? शुभानं लॅपटॉप माझ्या हातात दिला. “ताई, तुम्हीच न्या. माझ्यानं उघडवत नाही.”

घरी आणून मी तो त्यानं शिकवल्याप्रमाणे पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. लवकरच अडले. पानावरची आज्ञा नव्या आवृत्तीला मान्यच नव्हती. मी मिलिंदची बहीण, इथं अडले, एवढंच त्या सॉफ्टवेअरच्या मंडळींना कळवलं. उत्तर ती ओळ काढणाऱ्या सहकाऱ्याचंच आलं. पान दुरुस्त केलंय, असं लिहून पुढे म्हटलं होतं, “कृपया अशाच अडत राहा.” कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

आज रविवार. दुरुस्त पान घेऊन बसले आणि त्या जागेपर्यंत आले. एंटर दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही. पानावर खाली पाहिलं. ओळ होती.

लॅपटॉप आता माझ्याकडे असतो. मागे एक खुर्ची ठेवली आहे.