डाव्या चाकापाशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढी एक गोष्ट मी बाजूला ठेवत आले — जणू त्याला ठाऊकच नाही! दुपारी घरात कुणी नसतं, म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, लिहायला वेळ लागतो. लागू दे.

आधी तेव्हाचं भिलाई सांगते. तुम्ही आज सेक्टर सहामधून गेलात तर झाडं दिसतील, बाजार दिसेल, शाळेतून सायकलींवर सुटलेली पोरं दिसतील. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नुसता लाल मुरूम होता. रोवलेल्या खुंट्या, त्यांना बांधलेल्या चिंध्या, आणि लांबवर हळूहळू वर चढणारी एक चिमणी. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत गुलाबी व्हायचं. कुणी पंजाबी, कुणी तेलुगू, कुणी माझ्या सासरच्यांसारखे भंडाऱ्याकडची शेती सोडून आलेले. शेजारणीची भाषा कळायची नाही, पण तिच्या फोडणीचा वास आला की आपणही तवा ठेवायचा, एवढं कळायचं. किती उघडं, किती धुळकट गाव ते! आणि स्वप्नात मला अजून तेच दिसतं, आताचं नाही.

नवरा कारखान्याच्या बांधकामावर होता. भासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, ठेकेदाराचा माल वाहायचे. लष्कराच्या मोडीतून घेतलेला एक लहानसा ट्रक होता त्यांच्याजवळ, मागून उघडा. नाक खाली आणि ढुंगण वर, म्हणून सासूबाई त्याला डुकरी म्हणत. "डुकरी आली वं, चहा ठेव!" — की मी चुलीकडे पळे. त्या गाडीची घरघर लांबून ऐकू आली की घर भरल्यासारखं वाटे.

बिसाहू मिस्त्री त्या डुकरीचा वैद्य. इथलाच, छत्तीसगढी. मला 'नोनी' म्हणायचा, म्हणजे पोरी. सासरी मला पोरी म्हणणारं दुसरं कोण होतं? गाडी अजून वळणावर असायची आणि हा अंगणात बसून सांगायचा, काय सैल झालं आहे ते. त्यानं पुढच्या चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक पाटा जास्त घातला आणि डुकरीचं नाक वर उचललं. गाडी मागेपुढे सारखी, सपाट उभी राहिली. मग भासऱ्यांनी मोठे टायर आणले. चिखलात तिचं पोट टेकायचं, ते टेकू नये म्हणून.

आता तिथे येते. येते का? — बघा, पुन्हा थांबले.

टायर चढले. भासरे स्टिअरिंगवर बसले. चाकं पूर्ण वळवून बघायची होती, कुठे घासतात का. मिस्त्री उजव्या चाकाजवळ वाकला, आणि डाव्या बाजूला बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भासऱ्यांपुढे मी बोलत नसे. तेही माझ्याशी सरळ बोलत नसत. आमच्यात रीतच तशी. उजवीकडे डोकं बाहेर काढून ते मिस्त्रीला म्हणाले, "विचार तिले, तिकून लागते का."

"देख तो नोनी, चक्का छुवत हे का?"

छुवत होतं. चाक वळलं तसा टायर मडगार्डच्या कडेला घासला. कडेवरची लाल धूळ पुसली गेली आणि खालचा पत्रा चमकला. मी पाहिलं ते. मिस्त्रीनं बोनेटवरून मान वर काढली, आणि मी मान हलवली — नाही.

"नइ छुवत हे, भैया!" तो ओरडला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ते लाजेनं झालं. हो म्हटलं असतं तर कुठे लागतं, किती लागतं, हे दाखवायला भासऱ्यांसमोर यावं लागलं असतं. पण मान तर हलवायचीच होती ना? होकाराला काय जास्त कष्ट पडतात? खरं असं, की दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आम्ही बोरसीला जाणार होतो — माझ्या माहेरी, धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला. टायर पुन्हा उतरले असते तर गाडी तशीच अडकून पडली असती आणि बैलगाडीनं जावं लागलं असतं. मला त्या उंच झालेल्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचं होतं. मैत्रिणींनी बघायला हवं होतं. एवढंच होतं मनात.

दुसऱ्या दिवशी माणसं बसली तशी गाडी कमानींवर दबली. बोरसीच्या अलीकडच्या वळणावर रबर जळल्याचा वास आला, टायर फुटल्याचा मोठा आवाज झाला, आणि डुकरी बांधावर कलली. सासूबाईंचा हात मोडला.

घरी आल्यावर भासऱ्यांनी मिस्त्रीला अंगणात उभं केलं. "मिस्त्री म्हणवते अन् डोये घरी ठेवून येते काय बे?"

तो हळूच म्हणाला, "मैं तो नोनी ला पूछे रहेंव."

सगळे माझ्याकडे वळले. सासूबाईंनी विचारलं, "काय सांगतलं होतं वं तू याले?"

आणि मी बोलले. भासऱ्यांपुढे जिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, ती मी — मोठ्यानं, स्पष्ट. "लागते म्हून सांगतलं होतं मी. यानंच आयकलं नाही."

कुणालाच शंका आली नाही. कधी न बोलणारी सून बोलली, म्हणजे खरंच असणार! सासूबाईंनी बऱ्या हातानं माझी पाठ थोपटली.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी तोंडानं काही बोललेच नव्हते, नुसती मान हलवली होती, हे त्याला सांगता आलं असतं. तो म्हणाला, "होही. मैंच नइ सुने होहूं." असेल, मीच ऐकलं नसेल. का म्हणाला तो तसं? मी कधी विचारलं नाही.

ठेकेदाराच्या गॅरेजात त्याची नोकरी पक्की व्हायची होती. ती झाली नाही. भासऱ्यांनी जाईल तिथे ही गोष्ट सांगितली आणि त्याचं नाव पडलं — बहिरा मिस्त्री. मिस्त्रीचं अर्धं काम कानावर चालतं. बहिऱ्याच्या हाती गाडी कोण देणार?

पुढे सेक्टरमधली घरं बांधली जात होती तेव्हा तो मला एकदा दिसला. डोक्यावर विटा होत्या. मी शेजारणीबरोबर बाजारातून येत होते. विटा तोलत तो थांबला आणि हसून म्हणाला, "बने हस नोनी?" — बरी आहेस ना पोरी?

मी पदर पुढे ओढला आणि चालत राहिले.

"तुले हाक मारून राहिला काय वं तो?" शेजारणीनं विचारलं.

"कोन? मले नाही आयकू आलं," मी म्हटलं.

मला ऐकू आलं होतं.