रविवारचा मळा

प्लेगात सोलापूर सोडून गावाबाहेर झोपडीत राहावे लागले, तेव्हा माझ्या कुटुंबाच्या मुखावर मी प्रथमच तजेला पाहिला. गिरणीच्या भोंग्याखाली संसार केलेली ती बाई मोकळ्या रानात उभी राहून म्हणाली, "अहो, रोगावाचून असं राहता आलं तर!" त्याच क्षणी माझा निश्चय झाला. ज्याने लिहिलेले अर्ज भल्याभल्या अंमलदारांस वाचावे लागतात, त्याच्या घरचाच अर्ज नामंजूर व्हावा, हे मला मान्य नव्हते.

पुढे मोहोळ स्टेशनापासून कोसभर अंतरावर एका विधवा म्हातारीच्या मळ्याचा तुकडा विकाऊ असल्याचे कळले. लिंबाची दोन झाडे, एक खोली, मेथीचे वाफे आणि तिच्याशी सामाईक विहीर. कचेरी बंद असे रविवारी, म्हणून सहकुटुंब राहणे त्याच दिवशी होणार. बैल आमच्यापाशी नव्हते. मोट तिच्या बैलांनी चालवावी, अशी अट मी घातली.

"आयतवारी न्हाय," म्हातारी म्हणाली. "त्यो खंडोबाचा वार. सासऱ्यापासनं त्या दिशी आमच्या बैलांच्या मानंवर जू चढत न्हाय."

आम्ही गेलो तो दिवसही रविवारच होता. बैल सावलीत रवंथ करीत होते. सामाईक विहिरीवरील हक्क म्हणजे काय, हे मी तिला सविस्तर व सप्रमाण समजावून दिले.

"लई ग्वाड बोलता. पर बैलास्नी तुमची कचेरी कळत न्हाय की!"

कुटुंब हळूच म्हणाले, "राहू द्या. पाण्यावाचून मळा घेऊन काय करायचा?" तिचा उतरलेला चेहरा मला पाहवेना.

"आजीबाई, मनाई बैलांस आहे की पाण्यास?"

"पाण्याला कशाची मनाई? वडा की तुमी, बैल हून!"

मी फेटा कुटुंबाच्या हाती दिला, कोट लिंबास अडकविला आणि घागरीस दोर लावून विहिरीच्या काठावर उभा राहिलो. लेखणीस सरावलेल्या हाताची साल निघाली, तरी घागरीमागून घागर मी पाटात ओतीतच राहिलो. पाणी पहिल्या वाफ्यात शिरले, मग दुसऱ्यात.

"बया!" म्हातारी म्हणाली. "खांदं बैलाचं न्हाईत, पर हट बैलाचा हाय. आता बास करा, दादा. दिला मळा!"

"दर रविवारी ओढीन," मी धापा टाकीत कुटुंबास म्हणालो. "पसंत आहे ना?"

पदर खोचून ती तिसऱ्या वाफ्याचे तोंड हातांनी फोडीत होती.