मुंबईत सात तास

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला तासभर आधीच स्टेशनवर नेऊन बसवलं. गारखेड्यापासून स्टेशन रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर, पण त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "गाडी कुनासाठी थांबत नसती." आई पूर्ण वेळ माझ्या बॅगेवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं होतं रडू येईल, ते काही आलं नाही. गाडी सुटल्यावर मी सीट नंबर पुन्हा तपासला, बॅग वर टाकली आणि मुंबईत विमानाआधी किती वेळ उरतो ते मोजलं. माझा स्वभावच तसा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासायची, आणि तिकडंही त्याच कामाला चालले होते. तेव्हा स्टेशनच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं.

तिकडच्या कंपनीनं मला फिरतीवर घातलं. दुसऱ्या देशातला कारखाना तपासायचा, रिपोर्ट लिहायचा, परत यायचं. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे नवीन नाही. दोन विमानांच्या मध्ये पाच-सहा तासांचा लेओव्हर मिळतो आणि शहाणी माणसं तो खुर्चीत पेंगून काढतात. मला ते जमत नाही. बॅग लॉकरमध्ये टाकायची, एकच ठिकाण ठरवायचं, परतीची वेळ आधी पक्की करायची आणि बाहेर पडायचं. बार्सिलोनात मी मेट्रोनं समुद्रावर जाऊन, पाय भिजवून, वाळू झाडून वेळेत गेटवर हजर झाले आहे. इस्तंबूलमध्ये पुलावर उभ्यानं मासळी-पाव खाल्लाय. वेरूळ आमच्या घरापासून तासाभरावर, ते मात्र शाळेच्या सहलीत काय बघितलं तेवढंच. पिकतं तिथं विकत नाही.

एकदा बँकॉकहून परतताना मुंबईत सात तास मिळाले. घरी जायचं म्हणजे रेल्वेनं नुसतं पोहोचायलाच सहा-सात तास, आणि विमानाच्या वेळा जुळत नव्हत्या. म्हणजे घर शक्य नव्हतं. मग जे शक्य होतं ते केलं. जुहूला गेले, अनवाणी चालले, भेळ खाल्ली. मजा आली, खोटं कशाला बोलू. एका हातात भेळेचा पुडा, मागं समुद्र, असा फोटो काढून मी स्टेटसला ठेवला. गावाचं नाव टाकलं नाही, कारण घरी कळवलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई माझं प्रत्येक स्टेटस बघते. तिनं तो फोटो बोटांनी मोठा केला आणि भेळेच्या पुड्याचा कागद वाचला. तो मराठी पेपर होता.

रविवारच्या फोनवर तिनं विचारलं, "मुंबईला आलतीस व्हय?"

मी तासांचं गणित सांगायला लागले. रेल्वे किती, विमान किती. तिनं ते मध्येच तोडलं.

"घरी का नाय आलीस ते इचारत नाय मी. सांगितलं का नाय? तुझ्या आत्यासाठी पाच मिन्टाला तास-तासभर उभे ऱ्हायचो आपण. तुझे तर सात तास व्हते."

आमच्या घरची ती रीतच होती. नात्यातलं कुणी आमच्या गावावरून रेल्वेनं पुढं जाणार असलं की आम्ही डबा घेऊन फलाटावर हजर. परभणीची आत्या मुंबईला निघाली की तिची गाडी पाच मिनिटं थांबायची. तेवढ्यात खिडकीतून धपाट्यांचा डबा आत, मागच्या वेळचा रिकामा डबा बाहेर. आत्या माझी उंची बघायची आणि आई आत्याचा चेहरा. गाडी दोन तास लेट असली तर आम्ही दोन तास उभे. न कळवता गावावरून जाणं हा आमच्यात अपमान समजला जायचा. हे सगळं मला पाठ होतं. तरी ते मला लागू आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी विमानानं जात होते.

त्यानंतर रविवारचा फोन अण्णा उचलायला लागले. आई कामात असायची. कधी गच्चीवर, कधी शेजारी, कधी नुसतीच कामात. असे पाच महिने गेले. मी लोकांच्या कारखान्यात जाऊन चुका काढून देते, आणि ही चूक मला आईनं दाखवावी लागली याची मला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती की ती आता अशीच कामात राहील.

पुढच्या दौऱ्याला मी ऑफिसात भांडून तिकीट मुंबईवरून घेतलं. नऊ तास मिळत होते. अण्णांना म्हटलं, आईला विचारा, येता का भेटायला. पलीकडं फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"किती वाजता उतरती?" आईनं विचारलं.

रात्रीच्या गाडीनं निघून दोघं सकाळी विमानतळाबाहेर कठड्याला टेकून उभे होते. आई मला बघून म्हणाली, "वाळलीस." मी त्यांना टॅक्सीनं जुहूला नेलं. आईनं समुद्र तिथं पहिल्यांदा बघितला. "लई मोठाय," म्हणाली, आणि त्याच्याकडं पाठ करून माझ्यासमोर बसली. मग धपाटे, ठेचा, आणि गारखेड्यात कुणाचं काय चाललंय ते. रागाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. माझी मात्र माफी मागायची राहून गेली, ती इथं मागते.

अकरा वाजता अण्णांनी घड्याळ बघितलं. त्यांची परतीची गाडी दादरहून दुपारची होती, माझं विमान संध्याकाळी. मी त्यांना पोहोचवायला गेले, जागा बघून दिली आणि खिडकीपाशी येऊन उभी राहिले. आई अण्णांना पाण्याची बाटली कुठं ठेवली ते विचारत होती, तेवढ्यात गाडी हलली.

तोवर दर वेळी निघणारी मीच असायचे.

माझ्याकडं दोन तास मोकळे होते आणि दादरची चौपाटी जवळ होती. मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. ते दोन तास मी काहीही बघितलं नाही.

तिकडं लोक विचारतात, तुझं घर नक्की कुठं? मी दोन पत्ते सांगते, एक इथला, एक तिथला. त्या दुपारी एकच होता. तो गाडीत बसून निघून गेला होता आणि मी मुंबईत राहिले होते.