मागच्या खिडकीचा पडदा

ब्राबांत या डच प्रांतातल्या एका गावात खिडक्यांना पडदे असतात, पण ते कुणी ओढत नाही. लपवायचं काही नाही, तर पडदा कशाला? म्हाताऱ्या ड्रीकनं मात्र मागच्या खिडकीचा पडदा ओढला, तोही मागच्या अंगणातला गोठा अनोळखी माणसांना भाड्यानं दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

"काय रे ड्रीक, गोठ्यात भूत ठेवलंयस की काय?" शेजारीण मीतनं विचारलंच.

"ऊन येतं गं डोळ्यावर," तो म्हणाला. खिडकी उत्तरेला होती!

गोठ्याकडून नाक जाळणारा वास यायचा, पिंपं उतरवल्याचे आवाज यायचे. ड्रीक रेडिओ लावायचा. एका दुपारी गोठ्याच्या दारावर आतून कुणीतरी धडका मारायला लागलं. त्यानं रेडिओ मोठा केला. संध्याकाळी वासाच्या तक्रारीवरून आलेल्या पोलिसांनी बाहेरचं कुलूप तोडून विषारी वाफेनं गुदमरलेल्या एका कामगाराचं प्रेत बाहेर काढलं. आत नशेच्या गोळ्या बनत होत्या.

"मला काही माहीत नव्हतं हो, बाईसाहेब," ड्रीक कोर्टात रडकुंडीला आला. "मी एकदासुद्धा तिकडे पाहिलं नाही. देवाशपथ!"

"पाहिलं नाहीत, हे खरंच," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण नेमकं कुठे पाहायचं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

शिक्षा भोगून तो परतला, तोवर गोठा पाडून टाकलेला होता. त्यानं पडदा ओरबाडून शेगडीत घातला. तरी दुपार झाली की धडका सुरू होतात. ड्रीक धडपडत मागच्या अंगणात धावतो, आणि उघडायला तिथे दारच नसतं.