जहाजासाठी देवचंद नानांच्या सूचना

देवचंद नानांनी एस.टी.त सत्तावीस वर्षं कंडक्टरकी केली आणि शेवटची सहा वर्षं धुळ्याच्या स्टँडवर नियंत्रकाच्या खिडकीत काढली. प्रवाशानं तक्रारवही मागितली की कुठल्याही कंडक्टरचा चेहरा पडतो. नानांचा खुलायचा. ते वही काढून द्यायचेच, वर खिशातलं स्वतःचं पेनही द्यायचे. "लिहा. तोंडाच्या वाफेनं काही होत नाही. लेखी द्या," म्हणायचे. चोपड्याच्या एका गुरुजींनी तर खुद्द नानांच्याच विरोधात दीड पान लिहिलं होतं. नानांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि ते पान जसंच्या तसं वर पाठवलं.

ही सवय त्यांच्या वडिलांची. त्यांनी वस्तीला नळ आणला तो अर्जावर अर्ज करून. मरताना त्यांनी मुलाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. अर्ज लेखी करायचा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरायची नाही. नानांनी हा उपदेश असा गाठीला बांधला की सुटायचं नाव नको. त्याच गाठीनं पुढं त्यांचा घात केला.

नानांची बायको आक्काबाई. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या कॉलनीत सगळी घरं एकाच साच्यातली, त्यामुळे पाहुणे हमखास चुकायचे. आक्काबाई चुकू लागली ती मात्र तीन वर्षांपूर्वी. आधी मिठाचा डबा चुकला, मग मुलाचं नाव, मग घर. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि हा बरा होत नसतो, हेही सांगितलं. नानांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची वेणी घालायला शिकले.

पण एक खूण तिच्या डोक्यातून पुसली गेली नव्हती. नाना ड्युटीवर असताना त्यांच्या येण्याचा काही नेम नसायचा. आक्काबाई शेतातून किंवा बाजारातून आली की आधी उंबऱ्याबाहेर बघायची. तपकिरी चपला, उजवीच्या पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका. चपला आहेत म्हणजे माणूस घरात आहे. बस्स. आता नवऱ्याचा चेहराही कधीकधी तिला परका वाटायचा, पण चपला ओळखीच्या वाटायच्या. कॉलनीत भटकून ती परत यायची आणि बरोबर त्या चपलांपाशी थांबायची. म्हणून नानांनी नव्या चपला घेतल्या नाहीत. तीनदा तळ बदलला आणि बाहेर जाताना दुसरं काहीतरी पायात घालू लागले. जुन्या चपला दारातच राहायच्या.

मुलगा प्रशील पुण्याला नोकरीत. तो आणि सून मृणाली दोघंही मनानं चांगली. जळगावला अशा आजारी माणसांसाठी एक निवास निघाला होता, त्याची माहिती प्रशीलनं काढली होती. "बाबा, तुमचं वय अडुसष्ट. तुम्ही पडलात तर आईला कोण बघणार?" हा त्याचा प्रश्न, आणि प्रश्नात खोट नव्हती. नाना चिडायचे. शेवटी बाप-लेकांत एक ठरलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून प्रशीलनं मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची तीन दिवसांची सहल काढली होती. तो म्हणाला, "आम्ही शेजारच्या खोलीत असू, पण आईचं सगळं तुम्ही एकट्यानं बघायचं. तीन दिवस नीट गेले तर मी जळगावचं नाव पुन्हा काढणार नाही."

नाना म्हणाले, "आणि नाही गेले तर मी काढीन."

असला शब्द देऊ नये माणसानं. पण नानांना स्वतःवर विश्वास होता. बावन्न सीटच्या गाडीत नव्वद माणसं सांभाळलेला माणूस तो, त्याला एक बायको सांभाळता येणार नाही?

जहाज म्हणजे पाण्यावर उभं केलेलं गावच होतं. पाचव्या मजल्यावर त्यांची खोली. लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना पांढरे दरवाजे, सगळे एकसारखे. नानांना देवपुरातली कॉलनी आठवली. त्यांनी खोलीत शिरताच पहिलं काम केलं ते त्या जुन्या चपला काढून दाराबाहेर नीट जोडीनं ठेवायचं.

तासाभरानं बघतात तो चपला गायब.

नाना काउंटरवर गेले. तिथल्या मुलीनं चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून परत दिल्या. बोळात काहीही ठेवायचं नाही, सर, कुणी अडखळून पडेल, आग लागली तर वाट अडेल, असं तिनं हिंदीत गोड शब्दांत सांगितलं. तिचंही खोटं नव्हतं. नानांनी सूचनावही मागितली. मुलीनं मोबाइलनं वाचायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद दाखवला. "यावर सही कुठं करायची?" नानांनी विचारलं. मग तिनं बिचारीनं कोरा कागद दिला.

त्या संध्याकाळी नाना लिहायला बसले. दरवाज्यांना मजल्यागणिक वेगळे रंग द्यावेत. दारावर आकड्याऐवजी झाड, पक्षी, भांडं अशी चित्रं असावीत, कारण आकडा विसरतो पण मोर विसरत नाही. जिन्यापाशी कायम एक माणूस बसवावा. कठड्याजवळच्या दारांना उंचावर कडी असावी. चहा बशीतूनही पिता यावा. आक्काबाई पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"काय लिखी राह्यनात?" तिनं विचारलं.

"जहाजवालास्ले अर्ज करी राह्यनू."

"नळना शे का?"

नाना हसले. तिला सासऱ्याचा नळ आठवत होता! त्यांना वाटलं, तीन दिवस काय, तीस वर्षं निभावतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काबाई जेवून झोपली. सूचनांचा कागद पुरा झाला होता. सहावी सूचना नानांनी ठळक अक्षरांत लिहिली होती : प्रवाशाने दारासमोर ठेवलेल्या चपला उचलू नयेत. प्रशील आणि मृणाली जेवायच्या हॉलमध्ये होते. त्यांना हाक मारावी असं नानांच्या मनात आलं, पण एकट्यानं सांभाळायचं ठरलं होतं ना! काउंटर काही लांब नव्हतं. पाच मिनिटांचं काम. नानांनी जहाजाच्या पांढऱ्या सपाता पायात घातल्या, चपला पुन्हा दाराबाहेर ठेवल्या आणि गेले. मध्येच जागी झाली तर चपला बघेल, इथंच आहेत म्हणेल आणि बसेल, असा त्यांचा हिशोब.

कागद घेऊन मुलगी म्हणाली, "थँक्यू सर."

नानांनी हात पुढं केला. "पोच?"

आता जहाजावर पोच कोण देतं? मुलीला काय हवंय तेच कळेना. तिनं वरच्याला बोलावलं. त्याला नानांनी समजावलं की अर्ज मिळाला असं लिहून सही करायची, शिक्का मारायचा, तारीख टाकायची. शिक्का शोधायला कुणीतरी आत गेलं. पाच मिनिटांची पंचवीस झाली. निम्म्यावर सोडून परतावं असं एकदा वाटलं त्यांना. पण पोच न घेता पायरी उतरायची नाही, हे हाडात मुरलेलं. शिक्का सापडला. नाना पोच घडी घालून खिशात ठेवत परतले.

दार उघडं होतं. पलंग रिकामा. आणि दाराबाहेर चपला नव्हत्या.

नानांना सगळं एका क्षणात कळलं. तिला जाग आली असणार. खोलीत कुणी नाही. तिनं दार उघडून बाहेर बघितलं असणार. चपला नाहीत, म्हणजे माणूस घरात नाही. मग ती माणसाला शोधायला निघाली. वेडी नव्हती ती. नियमानं वागली होती.

अकरा मजले. चारी बाजूंना समुद्र. जहाजावर हिंदीत आणि इंग्रजीत पुकारा झाला, पण आक्काबाईला आपलं नाव भोंग्यातून ओळखू येणार होतं थोडंच! प्रशील एका बाजूला पळाला, मृणाली दुसऱ्या. नाना जिने चढत होते, उतरत होते. पोहण्याचा तलाव, नाचाचा हॉल, स्वयंपाकघर. सपाता केव्हाच फाटून गेल्या, ते अनवाणी फिरत होते. प्रत्येक कठड्यापाशी ते खाली वाकून बघत आणि बघून झालं की आपण हे काय बघतोय म्हणून स्वतःच्या तोंडात मारून घेत. "प्रशीलनी माय! ओ प्रशीलनी माय!" गोऱ्या-काळ्या माणसांच्या गर्दीत एक म्हातारा गावातल्या बोळात हाका माराव्यात तसा ओरडत होता. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला नाना एका जिन्यात बसले आणि त्यांना रडणंसुद्धा येईना. खिशातली पोच काढून त्यांनी बारीक बारीक फाडली.

चार वाजून गेल्यावर निरोप आला. सातव्या मजल्यावर.

जामनेरचे एक निवृत्त मास्तर, योगराज पाटील, बायकोबरोबर सहलीला आले होते. त्यांनीही जेवून आल्यावर घरच्या सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि झोपले. तपकिरी चपला. उठून दार उघडतात तो एक बाई चपलांवर हात ठेवून बोळात बसलेली. सफाईवाला तिला त्याच खोलीतली समजून दोनदा चपला मागून गेला, तिनं दिल्या नव्हत्या. ही आपल्याकडचीच बाई, हे मास्तरांनी पहिल्या शब्दाला ओळखलं आणि काउंटरला कळवलं.

नाना धावत आले, गुडघ्यावर बसले आणि तिचा हात धरला. आक्काबाईनं हात काढून घेतला.

"तुम्ही कोन शेतस, भाऊ?"

"मी शे ना. उठ, घर चाल."

"मी काय परका माणूससंगे जाऊ का?" ती रागावली. "मना मालक मझार शेतस. ह्या दखा त्यास्ना चपला. त्या बाहेर येतीन मंग जासू मी."

प्रशीलनं तिला उठवायला हात घातला तर ती किंचाळली. नानांनी त्याला मागं सारलं. आपण आत आहोत असं धरून बायको आपलीच वाट बघत होती. तिच्यापुढं आपणच होतो आणि तिला चालत नव्हतो. असं दुःख शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. नाना उभे राहिले, मास्तरांकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुमच्या खोलीत मिनिटभर येऊ का?"

मास्तर बाजूला झाले. नाना आत गेले आणि दार लोटून घेतलं. तिथल्या आरशात त्यांनी केस नीट केले, शर्टाची गुंडी लावली, ड्युटीवर निघताना लावायचे तशी. मग दार उघडून बाहेर आले आणि परक्याच्या, बोटभर मोठ्या चपलांत पाय घातले.

आक्काबाईनं आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिचा चेहरा उजळला.

"कितला येळ व्हयना! चाला आते."

आणि पदर सावरून ती त्यांच्यामागून निघाली. बोळात प्रशील भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मास्तर मागून म्हणाले, "राहू द्या चपला, नाना. परत नका आणू."

खोलीत आल्यावर, काउंटरवरून पुन्हा पिशवीत परत आलेल्या नानांच्या चपला हातात घेऊन प्रशील म्हणाला, "बाबा, मी जळगावचं काही बोललो नव्हतो असं समजा."

"तू नाही, मी बोललो होतो," नाना म्हणाले. "तिकडं पाणी होतं, प्रशील. तीन तास. जळगावला फोन कर."

महिन्याभरानं जहाजाच्या कंपनीचं पत्र आलं. मृणालीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. आपल्या मौल्यवान सूचनांबद्दल आभार, पण सुरक्षेच्या कारणास्तव बोळात पादत्राणे ठेवता येणार नाहीत. नानांनी मान हलवली. रास्तच होतं त्यांचं.

जळगावच्या निवासात आक्काबाईची खोली तळमजल्यावर, खिडकीत कडुनिंब. तिथल्या बाई, सुनंदाबाई, मायाळू होत्या. त्यांनी भरायला दिलेल्या कागदावर आहार, औषधं, सवयी असे रकाने होते आणि सगळ्यात खाली : नातेवाइकांच्या सूचना. नानांनी खिशातलं पेन काढलं. तिथं त्यांनी एकच ओळ लिहिली. "हिच्या दाराबाहेर माझ्या चपला कायम राहू द्याव्यात. कोणी उचलू नयेत. म्हणजे मी आत आहे असे तिला वाटेल."

सुनंदाबाईंनी ती वाचली. मग न मागता खाली लिहिलं : सूचना मिळाली. सही केली, तारीख टाकली, आणि त्याची एक प्रत नानांना दिली.

नानांनी तपकिरी चपला दाराबाहेर जोडीनं ठेवल्या, पांढरा टाका बाहेरच्या बाजूला. आत आक्काबाई पलंगावर बसली होती. तिनं दारातून वाकून चपलांकडे बघितलं, समाधानानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

नाना अनवाणीच स्टँडपर्यंत चालत गेले. धुळ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं जुन्या साहेबांना ओळखलं, त्यांच्या पायांकडे बघितलं आणि पुढची खिडकीजवळची जागा दिली.