बिल्ल्यांचा फळा

मावशीच्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण संग्रहालयवाल्यांना कुठून ठाऊक असणार? बिचाऱ्यांनी तिला मानानं बोलावलं होतं.

खाणीच्या लॅम्परूममध्ये तिनं एकतीस वर्षं काढली. खाली उतरणारा आपला पितळी बिल्ला द्यायचा, मावशी तो फळ्यावरच्या त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवून त्याला दिवा द्यायची. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला, म्हणजे माणूस खाली. फळा रिकामा झाल्याशिवाय तिनं कधी कुलूप घातलं नाही, मग अंगात ताप असो की घरी पाहुणे. फक्त खाण कायमची बंद झाली त्या दिवशी ती अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. कुलूप दुसऱ्याच कुणी घातलं. "माझा फळा रिकामा झालेला मी पाहिलाच नाही," हे गेल्या बारा वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

परवा मी, मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, संग्रहालयात गेलो. काका त्याच खाणीतले, नंबर एकशे सतरा. दारातच पहारेकऱ्याशी त्यांची गट्टी जमली आणि ते तिथेच रमले.

आत गेलो तर समोरच मावशीचा फळा. घासूनपुसून लखलखीत, एकशे वीस खिळे आणि प्रत्येकावर बिल्ला.

"किती छान दिसतोय गं!" मी म्हटलं.

मावशीचा चेहरा पांढराफटक. "छान? अगं, एकशे वीस माणसं खाली आहेत!"

दालन सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. "शोभेसाठी लावलेत हो. आणि वस्तूंना हात लावायची परवानगी नाही."

"तुम्ही संध्याकाळी घरी जाता?"

"जाते की."

"ही सगळी खाली असताना?"

 बाईंनी खिशातून सुती हातमोजे काढले आणि मावशीपुढे धरले. त्या क्षणी मला त्या बाई फार आवडल्या.

मावशी नंबर पुकारत एकेक बिल्ला काढू लागली, मी खोका धरला. "चौदा! दिवा कायम चिखलानं माखून आणायचा." "छप्पन्न! ह्याची शिट्टी आधी वर यायची, मग हा." बघे जमले, हसू लागले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट आनंदानं ऊर भरून आला.

एकशे सतरा तिनं मुद्दाम मागे ठेवला होता. शेवटी तेवढाच राहिला.

"एकशे सतरा!"

काका अजून दारातच, पहारेकऱ्याशी गप्पांत.

"एकशे सतराऽऽ!" खाणीचा पंप चालू असतानाही ऐकू जाणारा तो जुना आवाज. काचा थरथरल्या असतील.

"आलो, आलो!" काका धापा टाकत आले.

"रोज सगळ्यात शेवटी तुम्ही," मावशी म्हणाली. "तेव्हाही गप्पाच मारत बसायचात. माझा जीव टांगणीला."

काकांनी निमूटपणे तळहात पुढे केला. मावशीनं बिल्ला त्यावर ठेवला.

"अहो, तो खोक्यात..." बाई चाचरल्या.

"वर आलेल्याचा बिल्ला त्याच्याकडेच राहतो," मावशीनं सुनावलं आणि फळ्याकडे वळली. एकूण एक खिळा रिकामा. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून हसली.

"घाला आता कुलूप. सगळे वर आलेत."

दालन बंद व्हायला अजून दोन तास होते. बाईंनी किल्ली तिच्याच हातात दिली.